वजनाला वजन

देवळाली प्रवराला आम्ही ज्यांच्या घरात साडेतीन वर्षं भाड्यानं राहिलो, त्या आबांनी जन्मात कुणाकडून काही फुकट घेतलं नाही. कुणी शिवी दिली तरी ती परत करायचे, आणि वजनात गुंजभरही कमी भरू द्यायचे नाहीत. माझं बोलणं लोक निम्म्यानं कापून ऐकतात हे मला ठाऊक आहे. माझी बायको तर पाव हिश्शानंच ऐकते. तुम्हीही हवं तेवढं कापा. पण कापून जे उरेल ते तुम्हाला हमखास खोटं वाटेल, आणि नेमकं तेच खरं आहे.

आबा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. पस्तीस हंगाम त्यांनी काट्याच्या खोलीत काढले. उसानं भरलेली गाडी यायची, काट्यावर चढायची, वजन व्हायचं. मग गव्हाणीत ऊस टाकून तीच गाडी रिकामी परत यायची आणि पुन्हा काट्यावर चढायची. भरलेल्यातून रिकामी वजा केली की ऊस किती ते कळायचं. काम एवढंच. पण ते पस्तीस वर्षं करून आबांच्या डोक्यात अख्खं जगच काट्यावर चढून बसलं होतं.

"भरल्या गाडीला समदी दुनिया बघती," ते म्हणायचे. "बैलाची शिंगं बघती, घुंगरं बघती. रिकामी परत जाताना कोन बघतंय? मान्सानं दुसऱ्या वजनाला हजर पायजे."

निवृत्त होताना त्यांना काटा घरी आणायचा होता. पण तो पडला साठ टनांचा आणि खाली सिमेंटचा खड्डा, म्हणून राहिला. नाहीतर आबांनी नक्की आणला असता. मग त्यांनी बंडीच्या डाव्या खिशात ताणकाटा बाळगायला सुरुवात केली. रद्दीवाल्याकडे असतो ना तसला, वर कडी, खाली आकडा आणि मधे स्प्रिंग. आबांचा मात्र पितळी तोंडाचा होता आणि इतका जड की ते चालताना डावीकडे झुकलेले दिसायचे. रस्त्यानं आबा चालले की डावीकडची माणसं आपोआप सरकायची.

खोली बघायला गेलो त्या दिवशी बायकोनं पेढ्यांचा पुडा नेला होता. आबांनी पुडा काट्याला लावला. पेढे ताटलीत काढून रिकामा पुडा पुन्हा लावला. "चारशे साठ," असं म्हणून ते परसात गेले आणि येताना चारशे साठ ग्रॅम वांगी घेऊन आले. एका वांग्याचं देठ त्यांनी मोडून टाकलं होतं, कारण ते जास्त होत होतं.

"अहो आबा, पेढे दिले आम्ही. परत कशाला?" बायको म्हणाली.

"आमच्यात रिकामं भांडं परत जात न्हाई, पोरी."

आता हे कुणाच्यातच जात नाही. शेजारणीनं वाटीभर भाजी पाठवली की वाटी परत जाताना तिच्यात निदान चिमूटभर साखर असते. पण लोक ते अंदाजानं करतात. आबा ग्रॅमवर करायचे. शेजारी मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई राहायच्या. त्या नाताळात केक आणि करंज्यांचं ताट पाठवायच्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या दारात तेवढ्याच वजनाच्या शेवग्याच्या शेंगा पडायच्या. एकदा कुणाच्या तरी कोंबडीनं आबांच्या पडवीत अंडं घातलं. आबांनी अंडं तर मालकिणीला नेऊन दिलंच, वर कोंबडीला छप्पन्न ग्रॅम बाजरी टाकली. जागा आपली असली तरी मेहनत तिची होती म्हणे.

परसात पेरू होता, लिंबू होतं, वांगी-मिरच्या होत्या, आणि लाल भोपळ्याचा एक वेल होता. त्या वेलाची तऱ्हा मला कळायची नाही. भोपळे जमिनीवर टेकायचेच नाहीत. ते एका गादीवर लोळायचे. साधी गादी नव्हे, चांगली मरून रंगाची, मखमली, कडेनं सोनेरी पट्टी असलेली. आम्ही नवरा-बायको फरशीवर सतरंजी टाकून झोपायचो आणि खिडकीतून बघावं तर भोपळे संस्थानिकासारखे पडलेले!

"आबा, ही गादी?" मी एकदा विचारलं.

"ती भोपळ्यांची हाय," ते म्हणाले आणि विषय संपला.

मी त्या वेळी राहुरीला एका कृषी सेवा केंद्रात होतो. माझं काम गोड बोलण्याचं. शेतकरी दुकानात शिरला की आधी त्याच्या डोक्यावर कंपनीची टोपी ठेवायची, हातात कॅलेंडर द्यायचं, चहा मागवायचा, "मामा, बसा पंख्याखाली" म्हणायचं. फुकट टोपी घालून बसलेला माणूस फवारणीची बाटली न घेता उठताना मी पाहिलेला नाही. त्यामुळे या विद्येत माझा हात धरणारा नगर जिल्ह्यात नाही अशी माझी समजूत होती. मी आबांनाही कॅलेंडर दिलं. त्यांनी ते गुंडाळून काट्याला लावलं, तेवढी लिंबं माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पाव्हणं, तारखा फुकट घेतल्या की दिवस त्येंचे व्हत्यात."

मला राग आला. कॅलेंडर भिंतीला लावतानाही त्यांनी कंपनीच्या नावावर पांढरा कागद चिकटवला तेव्हा तर जास्तच आला.

पण आबांची खरी करामत मी मंगल कार्यालयात पाहिली. गावात गादीवाले आले होते. कमरेचा पट्टा, गुडघ्याची टोपी, चुंबकाची गादी असा त्यांचा माल. बोर्डावर मात्र लिहिलं होतं, 'मोफत आरोग्य शिबिर, रोज एक मोफत भेटवस्तू'. गावातले झाडून सगळे म्हातारे-म्हाताऱ्या सकाळी दहाला खुर्च्या धरायचे. टायवाली पोरं त्यांना आई-बाबा म्हणायची, पाय चेपायची, चहा पाजायची. पहिल्या दिवशी प्लास्टिकचा मग, दुसऱ्या दिवशी चमचे, तिसऱ्या दिवशी गाळणी. अशी बारा दिवस माया लावायची आणि तेराव्या दिवशी गादी काढायची. तेराव्या दिवशी नाही म्हणणार कोण? बारा दिवस ज्यानं पाय चेपले, त्याच्या तोंडावर?

आबा पहिल्या दिवशी पिशवी घेऊन गेले. मी आपला गंमत बघायला मागे. पोरानं मग दिला. आबांनी सगळ्यांसमोर मग काट्याला लावला. "नव्वद ग्रॅम." पिशवीतून मिरच्या काढल्या, मोजल्या, टेबलावर ठेवल्या. "फिटलं."

"बाबा, हे फ्री आहे," पोरगं म्हणालं.

"मिरच्याबी फ्रीच हायेत."

मग चहा आला. आबांनी कपासकट मोजला, पिऊन झाल्यावर रिकामा कप मोजला, आणि फरकाइतका एक पेरू कापून दिला. पेरूचा उरलेला तुकडा स्वतः खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारच्या म्हातारीनं पदराखालून मेथीची जुडी काढली. तिसऱ्या दिवशी पाच जणांनी काही ना काही आणलं. सहाव्या दिवशी त्या कार्यालयाचा बाजार समितीचा लिलाव झाला होता. स्टेजवर कांद्याची गोणी, माइकशेजारी दुधी, गाद्यांच्या ढिगावर गवार. ज्या पोरांनी पाय चेपायचे ती भाजी निवडत बसलेली. तेराव्या दिवशी मॅनेजर माइकवर आला आणि म्हणाला, "माझ्या आई-बाबांनो, आज निर्णयाचा दिवस!" तेव्हा पुढच्या रांगेतली एक आजी उठली आणि म्हणाली, "न्हाई रं बाबा, न्हाई परवडत. तुझं काय ऱ्हायलंय का आमच्याकडं? न्हाई ना? मग येते." आणि गेली. तिच्यामागून सगळे गेले. त्या गावात एक गादी खपली नाही. कंपनी रातोरात गेली ती एक टेम्पो भाजी घेऊन. ती भाजी त्यांनी पुढं कुठं विकली आणि त्यांना गादीपेक्षा त्यातच जास्त सुटलं, असंही मी लोकांना सांगतो. पण ते माझ्या पदरचं आहे.

त्या दिवशी हसलो खूप. शिकलो मात्र काही नाही. याचा पुरावा पुढं येतो.

बायकोला नर्स व्हायचं होतं. बारावीनंतर लग्न झालं आणि ते राहून गेलं, पण तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. आबांकडे यायच्या आधीपासून तीन वर्षं तिनं शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवले, फॉल-पिको केलं आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी स्वतः साठवली. यादीत नावही लागलं. फी भरायची शेवटची तारीख सोमवार होती. त्या दिवशी नाही भरली तर जागा खालच्या नंबराला जाणार होती. पैसे माझ्या खात्यात होते, कारण तिचं खातं माहेरच्या गावच्या बँकेत आणि तिथलं कार्ड कधी आलंच नाही. आबा तर तिला फॉर्म भरल्या दिवसापासूनच 'सिस्टर' म्हणायला लागले होते.

त्याच आठवड्यात मला फोन आला. "अभिनंदन सर! तुमचं कूपन लागलंय!" कुठल्याशा प्रदर्शनात मी पेटीत चिठ्ठी टाकली होती. इंडक्शनची शेगडी, अगदी फुकट. अटी तीन. शनिवारी हायवेवरच्या हॉटेलच्या हॉलमध्ये जोडीनंच यायचं, दोन तास थांबायचं, आणि ओळख पटवायला बँकेचं कार्ड आणायचं.

मी मनात म्हटलं, समोरचा टोपी घालायला निघालाय. पण मी स्वतः टोप्या वाटणारा माणूस! शेगडी घेऊ, सामोसा खाऊ, आणि हसत घरी येऊ.

शनिवारी निघालो तर आबा फाटकात उभे. बायकोनं त्यांना सगळं सांगितलं होतं.

"सिस्टरची फी ज्या कार्डात हाय ते घरी ठेवा, पाव्हणं. गाडी रिकामी जाऊ द्या. रिकाम्या गाडीतनं काय काढत्यात?"

"ओळखीला लागतं, आबा."

"वळक मान्साची आसती का कार्डाची?"

मी वाद घातला नाही. पाकिटातून एक कार्ड काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते वाचनालयाचं होतं. बँकेचं कार्ड मी आधीच मोज्यात घातलं होतं. आबांनी माझ्याकडे बघितलं, तळहात दोनदा वर-खाली केला आणि म्हणाले, "हलकं लागतंय." मग परसात गेले आणि गादीवरचा एक भोपळा तोडून आणला. काट्याला लावला. "सव्वादोन किलो. शेगडी दोनच्या आतबाहेर आसंल. आपलं जरा जास्तच आसावं." आणि भोपळा त्यांनी माझ्याकडे नाही, बायकोच्या पिशवीत घातला.

मोटारसायकलवर मी तिला म्हणालो, "हा भोपळा घेऊन तू एसी हॉलमध्ये येणार?"

"आबांनी दिलाय," ती म्हणाली. एवढंच.

हॉलमध्ये अशी थंडी की माझ्या मिशीवर दव पडलं. मोठ्यानं गाणी चालू. चाळीस टेबलं, प्रत्येक टेबलावर एक नवरा, एक बायको आणि एक विकणारा. आमच्या वाट्याला तिशीतल्या एक बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, चेहरा दमलेला, हसू ताजं. त्यांनी शेगडीचा खोका आणून माझ्या पुढ्यात ठेवला. "ही तुमचीच, दादा. फक्त दोन तास गप्पा मारायच्या."

सामोसे आले. चहा आला. आइस्क्रीम आलं. मग काश्मीर आलं, केरळ आलं, परदेश आला. वीस वर्षं दरवर्षी सात दिवस मोठ्या हॉटेलात राहायचं आणि त्यासाठी आज, फक्त आजच, सभासद व्हायचं. आम्ही तोवर शिर्डीच्या पुढं गेलो नव्हतो. कुणी सभासद झालं की घंटी वाजायची, गाणं थांबायचं आणि अख्खा हॉल टाळ्या पिटायचा. तीन टेबलं वाजली. दर घंटीला माझी छाती अर्धा इंच फुगायची.

"वहिनींना बर्फ बघायला आवडेल ना?" बाईंनी विचारलं.

"मला सोमवारी फी भरायचीय," बायको म्हणाली.

"फी काय, पुढच्या वर्षीही भरता येते. ही ऑफर पुढच्या वर्षी नाही."

मी नाही म्हणालो. शप्पथ, एकदा म्हणालो. मग काळ्या कोटातले मॅनेजर आले आणि त्यांनी आकडा निम्मा केला. मी दुसऱ्यांदा नाही म्हणालो, पण आवाज निम्मा होता. मग बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "दादा, तुमच्यासाठी मी सरांशी भांडले हो. एवढं कुणासाठी नाही भांडत मी."

झालं. सामोसा माझ्या पोटातून त्यांच्या बाजूनं बोलायला लागला. दोन तास एका बाईनं आपल्याला दादा म्हणावं, चहा पाजावा, साहेबाशी भांडावं आणि आपण कोरडं नाही म्हणून उठावं? आपल्याकडे हे शिकवलेलंच नाही. मी वाकलो आणि मोज्यातून कार्ड काढलं. मॅनेजरनं ते दोन बोटांनी धरलं, का ते सांगायला नको, आणि मशीनमध्ये घातलं. मशीन माझ्यासमोर आलं. पिनचे चार आकडे. मी दोन दाबले.

तेवढ्यात टेबलावर धप्प आवाज झाला.

बायकोनं भोपळा ठेवला होता. शेगडीच्या खोक्याच्या बरोब्बर शेजारी.

"ताई, हा आमच्याकडनं," ती म्हणाली. "घरच्या वेलाचा आहे. सामोसे, चहा, आइस्क्रीम आणि ही शेगडी, सगळ्याचं मिळून. आता फिटलं. आम्ही येतो."

मॅनेजर हसला. "मॅडम, भोपळा नको. आम्हाला तुमचा निर्णय हवाय."

"आधी तुम्ही भोपळा घ्या. मग निर्णय देते."

"अहो, तो कशासाठी घेऊ?"

"मग आम्ही शेगडी कशासाठी घेतली?"

शेजारच्या टेबलावर कोपरगावकडचं एक जोडपं होतं. त्यातली बाई खुर्ची वळवून म्हणाली, "घ्या की वो सायेब. घरचा हाय म्हनत्यात. लई ग्वाड आसतो!" तिचा नवरा हसला. मग मागचं टेबल हसलं. घंटीवाल्याला वाटलं सौदा झाला, त्यानं घंटी वाजवली. हॉलनं टाळ्या पिटल्या. टाळ्यांच्या कडकडाटात त्या काळ्या कोटातल्या माणसानं सव्वादोन किलोचा लाल भोपळा दोन्ही हातांत धरला आणि तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना. आबा असते तर म्हणाले असते, भरल्या गाडीचं वजन झालं.

माझा अंगठा तिसऱ्या आकड्यावर तसाच होता. बायकोनं तो हळूच बाजूला केला आणि मशीन माझ्याकडून काढून घेऊन लाल बटण दाबलं.

मॅनेजरनं भोपळा त्या बाईंच्या हातात कोंबला आणि तो दुसऱ्या टेबलाकडे गेला. बाई भोपळ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं ताजं हसू गेलं आणि दुसरंच, जुनं, खरंखुरं हसू आलं. "घरचा आहे खरंच?" त्यांनी हळू विचारलं. "माझी आई याचे घारगे करायची."

"गूळ जरा बेतानंच घाला," बायको म्हणाली. "आधीच गोड आहे."

बाईंनी भोपळा टेबलाखाली आपल्या पिशवीत सरकवला. मग मशीनमधून माझं कार्ड काढून बायकोच्या हातात दिलं, शेगडीचा खोका माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मागच्या दारानं जा दादा. मोठे साहेब यायच्या आत."

भोपळा आता त्यांच्या पोटातून आमच्या बाजूनं बोलत होता.

घरी आलो तर आबा ओट्यावर बसलेले. आम्ही गेल्यापासून हलले नसावेत. त्यांच्या खांद्यावर एक साळुंकी बसली होती, ती आम्हाला बघून उडाली.

"भोपळा?" त्यांनी विचारलं.

"दिला," बायको म्हणाली.

"शेगडी?"

"दिली त्यांनी."

आबांनी शेगडी काट्याला लावली. "एक किलो नऊशे. साडेतीनशे आपलं जास्त गेलं. जाऊ द्या, दमली आसंल ती पोरगी बोलून बोलून." मग त्यांनी बंडीतून माझं वाचनालयाचं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. "घ्या. सोमवारी फी हितनं भरायची का?"

माझी मान इतकी खाली गेली की मला माझेच मोजे दिसले. मी सगळं कबूल केलं, दोन आकड्यांपर्यंत. बायकोनं बँकेचं कार्ड पदराच्या गाठीला बांधलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आबाही रागावले नाहीत. परसाकडे बघत म्हणाले, "ती गादी इच्यारत हुता ना तुमी? आमच्या मंडळीची हाय. तिचे गुडघे गेल्ते. म्या काट्यावर, ती घरात एकटी. आसंच शिबिर आलं. पोरगं रोज आई म्हनायचं, चा पाजायचं. आमाला प्वार-बाळ न्हाई. ऑपरेशनला ठिवलेलं समदं तिनं गादीत घातलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?" बायकोनं विचारलं.

"म्या लई बोललो. बोलायला नको हुतं. ती गप ऐकून घेऊन म्हनली, आवं, रोज रिकाम्या हातानं गेल्ते, म्हनून फसले. चार वांगी न्हेली आस्ती तर न्हाई म्हनायला त्वांड ऱ्हायलं आसतं." आबांनी काटा खिशात घातला. "पस्तीस वरीस म्या काटा केला, पन वजन कशाचं करायचं ते तिला कळलं हुतं. पुढं दोन वर्षांनी गेली. लंगडतच गेली. मग म्या तिची गादी भोपळ्यांला दिली."

सोमवारी सकाळी फी भरायला आम्ही निघालो तेव्हा आबा काहीही न मोजता फाटकापर्यंत आले.

बायको तीन वर्षं एसटीनं ये-जा करून शिकली. पास झाली. कोपरगावला एका दवाखान्यात नोकरी लागली आणि आम्ही खोली सोडली. टेम्पो भरला, दोरखंड आवळले, तेवढ्यात आबा आले. हातात रुमालाची पुरचुंडी. ती त्यांनी बायकोच्या हातात ठेवली. उघडून बघते तर आत ताणकाटा.

"आबा! मग तुम्ही?"

"जल्मभर साखर मोजली, सिस्टर. आता डाक्तर माझीच साखर मोजतोय. मला कशाला काटा?"

आता साडेतीन वर्षं त्या घरात राहिलेली बाई ती. असं कसं घेईल? तिनं टेम्पोतून शेंगदाण्यांचा डबा उतरवला, वाटी हातात घेतली आणि तशीच थांबली. काट्याच्या वजनाइतके शेंगदाणे द्यायचे, पण काट्याचं वजन किती? आणि ते करायचं कशानं? मी काटा उलटा करून त्याचाच आकडा त्याच्याच कडीत अडकवून बघितला. काटा वेटोळं घातलेल्या सापासारखा लोंबला आणि शून्यावर थांबला. टेम्पोवाला म्हणाला, "वहिनी, किराणा दुकानात करून आणू का वजन?"

"दुकानाचा काटा चालायचा न्हाई," आबा म्हणाले. "ह्यो सोडून माझा कुठल्याच काट्यावर इस्वास न्हाई."

"मग आबा, हे फिटणार कसं?"

आबा हसले. त्यांचा एक दात सोन्याचा होता हे मला साडेतीन वर्षांनी त्या दिवशी कळलं. "ऱ्हाऊ द्या की," ते म्हणाले. "एवढं एक ऱ्हाऊ द्या."

टेम्पो निघाला तसा मी मागं वळून बघितलं. खिसा रिकामा झाल्यामुळे आबा पहिल्यांदाच ताठ उभे असतील असं मला वाटलं होतं. पण डावीकडचा भार सावरायच्या सवयीनं ते आता उजवीकडे झुकले होते.

आबा गेल्या वर्षी गेले. काटा आमच्या कोपरगावच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असतो. शेजारून काही आलं की बायको त्यावर लावते, तेवढंच परत पाठवते, आणि मला अजून तिच्या परवानगीशिवाय कुठलीही फुकट वस्तू घरात आणता येत नाही. आता आमच्याही घरात सगळ्याचं वजन होतं. त्या काट्याचं तेवढं व्हायचं राहिलंय.